ओल

श्रावस्तीच्या डाव्या खांद्यामागे
जन्मापासून तळहाताएवढा ओला पट्टा.
पाणीदार फोड, भिजल्या साबुदाण्यासारखे,
एखाद्यात रक्ताचा ठिपका.
दप्तराचा पट्टा घासला की झिरपायचे
आणि मागच्या बाकावरची पोट्टी विचारायची,
"काहून वं, तुले काय झालं?"

पाचपावलीच्या दवाखान्यात दोनदा जाळले.
दोनदा परत आले,
दिवाळीला रंगवलेल्या भिंतीवर
संक्रांतीला पोपडा यावा तसे.
अख्ख्या इंदोऱ्याला मीच सांगत फिरायचो,
भिंत खरवडून काही होत नाही बाप्पा,
आधी टाकी बघा.
घरच्या भिंतीला मात्र
टाकी कुठं, हे मी विचारलंच नाही.

मेडिकलमध्ये तो बोगदा.
आत ती, बाहेर माझ्या मुठीत तिचे कानातले.
आतून ठकठक,
कुणी लोखंडी पाइपवर पाना मारत असल्यासारखी.

किनखेडे मॅडमनी फिल्म उजेडावर धरली.
"पाणी यात पांढरं दिसतं."
कातडीत चार दाणे,
आणि खाली चरबीत, थेट स्नायूपर्यंत
पांढरे हौद, एकाला एक लागून,
मेन लाइनला कुठंच न जोडलेले.
"हौदाची भिंत आवळते, दाब वर येतो."
एवढं मला समजवायला नको होतं.

"कनेक्शन दिलं कुणी?"
मॅडम हसल्या नाहीत.
"बाळ घडताना राहून जातं. कुणाची चूक नसते."
हे मी घरी शब्दाला शब्द सांगितलं
त्या बाईला, जिला शेजारणींनी
ग्रहणातली विळी पंधरा वर्षं पुरवली होती.
ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

सव्वाचार तास.
मांडीची कातडी खांद्यावर आली.
एक हौद नसेला चिकटलेला, तो सोडला.
"हात लुळा पडण्यापेक्षा ओल बरी."
मीही धरमपेठेत एकदा
बीम वाचवायला पाइप तसाच सोडला होता.
घरमालकाला सांगितलं नव्हतं.
मॅडमनी सांगितलं.

आता मे. कूलरसमोर ती पाठमोरी बसते,
मी टॉर्च मारून बघतो.
टाक्यांची रेघ, मांडीचा सावळा रंग,
कडेला काल एक दाणा चमकला.
बोटानं पुसला, गेला.
घाम असेल.
पुन्हा वाकलो, तर म्हणाली,
"पप्पा, सरका नं. शेवटची ओव्हर आहे."