सात नंबरची खुर्ची

प्रश्नावलीवर एक माणूस छापला होता
पाठमोरा, नाकडोळे नसलेला.
दुखतं तिथे फुली मारा, म्हणाले.
मी मानेवर मारली, उजव्या खांद्यावर, कमरेवर,
मग मनगट आठवलं, तिथेही.
पान उलटलं तर विचारलं होतं:
बसण्याची योग्य पद्धत तुम्हाला ठाऊक आहे का?
होय.
कोपर अंगालगत, पावलं जमिनीवर सपाट,
मान वीस अंशांहून अधिक झुकवू नये.
पंधरापैकी पंधरा.
शेजारी गुंजन मान चोळत होती.
तिलाही पंधरा.

जळगावात मे महिना. ओपीडीतला कूलर
गरम वारा नुसता इकडचा तिकडे करतो.
सात नंबरच्या खुर्चीचं पेडल दिवाळीपासून मेलंय,
खुर्ची वर येत नाही
म्हणून मी खाली जाते.
कोट्यातल्या अजून अकरा दाढा भरायच्यात,
त्याशिवाय बोरोले मॅडमची सही नाही
आणि सहीशिवाय परीक्षा नाही.
मागून जाताना मॅडम मणक्यावर दोन बोटं टेकवतात,
"पाठ, पाठ!"
मी सरळ होते.
त्या पुढे गेल्या की पुन्हा
भरल्या ज्वारीचं कणीस.

सुभान तडवी, यावलकडचे. केळीचे घड वाहतात
बागेतून ट्रकपर्यंत.
वरची डावी, शेवटून दुसरी दाढ, खोल कीड.
ती आरशातून बघायची असते.
पण आरशात हात पुढे नेला की मागे जातो,
म्हणून मी चोरून थेट बघते
कान खांद्याला लावून,
जणू फोनवर कुणाशी बोलतेय तासभर.

तोंडातला कापूस काढल्यावर ते म्हणाले,
"बाई, तुही मान कामून अशी टाकली?
घड असा नेला तं दुपारपर्यंत मानूस मोडते.
वझं पायात उतरवा लागते."
माझ्याकडे कुठलं वझं, काका?
एवढासा आरसा, एवढंसं ड्रिल.
ते हसले, अर्ध्या बधिर गालाने.
"डोकं हाय ना."

रात्री होस्टेलवर मी आरसा पेल्याला टेकवला
आणि त्यात बघून क लिहायला घेतला.
खेकडा झाला.
बामाच्या वासात गुंजन हसत राहिली,
मग तिनेही वही ओढली. तिचा ग बरा आला.

मंगळवारी ते परत आले, तात्पुरतं सिमेंट काढायला.
हनुवटी वर करा, काका. अजून. थोडं माझ्याकडे.
त्यांनी केली, काहीच अवघड नव्हतं त्यात.
पेशंटलाही हलता येतं
हे चार वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
दाढ आरशात आली, उलटी, ओली, चिमुकली.
हात चुकला. पुन्हा चुकला.
त्यांच्या श्वासाने काच धुकटली,
ती गालाला आतून टेकवून कोमट केली.
पाऊण तास जास्त गेला,
पुढचा पेशंट कंटाळून निघून गेला.
दहा बाकी.

खुर्चीसाठी अर्ज दिलाय, तिसरा.
कार्यालयाने शिक्का मारून आवक क्रमांक दिला.
सही करताना लक्षात आलं,
मान पुन्हा कागदावर पडली होती.