झाकणाला दोन खाचा

झाकणाला मागच्या बाजूने दोन खाचा पाडायच्या,
एवढंच काम. पण तिघांनी तीनदा मोजलं:
मी, अ‍ॅबरडीनहून फोनवर मृण्मयी,
आणि शेजारचे ग्विलिम, हातात करवतीचं पातं.
"एकदा कापलं की गॅरंटी गेली," ते म्हणाले,
आणि कापलं.
काळा भुसा गालिच्यावर. मासे कोपऱ्यात, एकमेकांना खेटून.

फिल्टरचा डबा खाली कपाटात ठेवला.
पाणी आपणहून उतरतं त्याच्याकडे,
फक्त पहिल्यांदा ओढावं लागतं. मी नळी तोंडात धरली.
घोटभर शेवाळ.
ग्विलिम हसले, मग थुंकता थुंकता मीही.

"जुना स्पंज धुऊ नकोस हं, आई.
तसाच, घाणेरडाच नव्यात टाक."
म्हणजे विरजण, मी म्हटलं.
"हां, तेच."

रात्री टाकी गप्प.
चार वर्षं तिच्या खोलीतून घरघर यायची,
भिंतीवर थाप मारून मी ओरडायचे, बंद कर गं ते!
स्वान्झीत इतकी शांतता असते, माहीत नव्हतं.
दोनदा उठून बॅटरी मारली.
खाचेतून नळी, नळीतून पाणी चाललेलं.
मासे डोळे उघडे ठेवून स्थिर.
जागे होते, की तसेच झोपतात,
तिला विचारायचं राहिलं.