उंबऱ्यावरचा पाय

भुसावळ. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागची खोली,
मंगळवार-शुक्रवार साडेसहाला मराठीचा वर्ग.
'ही पेन्सिल आहे' यापुढे गाडी सरकेना,
म्हणून भाच्यानं काढलेलं चित्र नेलं, फळ्याला चिकटवलं:

पिवळं दार. एक बाई. एका पायात चप्पल,
दुसरा पाय अनवाणी, उंबऱ्यावर.
काखेत पिशवी.
म्हटलं, बोला. दिसेल ते. चुकलं तरी बोला.

सेल्वी म्हणाली, "बाई जाते.
पण 'जाते' बोलणार नाही. आमच्यात बोलतात, 'जाऊन येते'."
पार्सल ऑफिसचे घोषाल हसले,
"आमच्यात जाण्याचं नावच नाही. नुसतं, येतो."
मी फळ्यावर लिहिलं, येते. येतो.
आणि का कोण जाणे, बाजूला लिहिलं, येस.
पारोळ्याला घरी आम्ही असंच म्हणायचो.
चौथीत गुरुजींनी माझ्या वहीत त्यावर
लाल काट मारली होती.
मराठी मीही शिकलेलीच आहे,
हे वर्गाला आजवर सांगितलं नव्हतं.

शेवटच्या बाकावर गुमल्याचा बिरसू एक्का, ट्रॅकमन,
तीन आठवडे फक्त हजेरीला तोंड उघडणारा.
उठला. चित्रातल्या सावलीवर बोट ठेवलं.
"सावली छोटी. पायाखाली. दुपार.
दुपारी कोण जाईल? ही आली."
मग घरभर काहीतरी शोधत राहिला, चित्रातल्या.
"पाणी कुठे?"

खडू मागितला. दाराशेजारी, फळ्यावरच,
एक लोटा काढला, जरा वाकडा.
हातांनी दाखवलं: आधी पाय. मग बसा. मग बोला, कोण, कुठून.
"पाणी नाही, तर ती उभीच राहणार."

वर्षभर ते चित्र माझ्या टेबलावर होतं.
मला त्यात निरोपच दिसायचा,
'सासरी निघालेली' असा शब्दही तयार ठेवला होता.
पाय धुवायला पाण्याचा तांब्या
आमच्याही ओट्यावर असायचा की.
कधी उचलला गेला, कुणी उचलला,
आठवत नाही.

आठ वाजले. एक्का दारात बूट चढवत म्हणाला, "जातो, मॅडम."
सेल्वी ओरडली, "येतो बोला, येतो!"
तो एका बुटावर थांबला. विचारात पडला.
"पण मी येणार नाही. रात्रभर पेट्रोलिंग आहे,
वरणगावपर्यंत."

घोषाल डस्टर घेऊन उठले होते.
फळा पुसला त्यांनी,
लोट्याला वळसा घालून.