शिंगाळा

आमच्या सुदामानगरात नळ एक दिवसाआड येतो,
पहाटे पाच-सव्वापाचला.
आधी हवा येते,
खाकरत, अडखळत,
आणि मी बादली सरकवून उगाच कान देतो.
ही म्हणते, बत्तीस वर्षं पंप ऐकलेत, अजून पोट भरलं नाही?

नाही भरलं.
जलूदला होती माझी ड्यूटी,
पाणी जिथं नर्मदा सोडतं तिथं.
लोखंडी जाळी. तिच्याशी अडेल ते वहीत लिहायचं:
बेशरमाच्या काड्या, निर्माल्य, चुनरी,
चप्पल (एकच. जोडी कधी आली नाही).

आणि एका वैशाखात,
पाणी उतरून काचेसारखं झालं असताना,
शिंगाळा.

हातभर. पाठ राखी, पोट चांदीचं,
शेपटीअलीकडच्या मऊ परावर काळा ठिपका,
आईनं तीट लावावी तसा.
मिशांच्या चार जोड्या, एक तर थेट शेपटीला टेकणारी.
त्या मिशांनी तो जाळीचा एकेक चौकोन
चाचपत होता,
मोजणीला आलेल्या माणसासारखा, एकही न गाळता.

गेंदालाल कहार म्हणाला, साहेब, हा नर.
काठच्या मातीत खळगा करतो, पिलांवर पहारा देतो,
अंगावरची साय चाटवून वाढवतो म्हणतात.
घर आत राहिलंय त्याचं. हा बाहेर.

वहीत त्याला रकाना नव्हता.

काटा अडकला तेव्हा मी हात घातला.
सुटला, जाताना अंगठा फोडून.
तीन रात्री हात जड, बगलेत गाठ.
गेंदालालनं हळद लावली आणि हसला:
भाडं घेतलं त्यानं.
मी लिहिलं, "जाळी स्वच्छ."

पाणी मात्र चढत राहिलं.
घाट, वांचू पॉइंट, मग उतार,
सत्तर किलोमीटर काळोख,
तुरटी, क्लोरीन,
आणि इंदूरच्या पोह्यांत, चहात,
माझ्या नातीच्या बाटलीत.
मासा तेवढा सोडून सगळी नदी आली.

हिच्यापाशी काय बोलणार?
मासा हा शब्दसुद्धा देवघरापासून चार हात लांब.
पण थंडीत अंगठा अजून ठणकतो.
आणि ती हवा,
पाण्याच्या आधी येणारी,
पाइपातून काहीतरी चाचपत येते,
चौकोन, चौकोन, चौकोन.

बादली भरून वाहायला लागते.
"अहो!"