बत्तिशी

नोव्हेंबर संपत आला की बूदोहून हालवार्दचं टिपण येतं,
वहीच्या पानाचा फोटो, अक्षर शिस्तीचं.
तिकडे आता सूर्य
उधारीच्या गिऱ्हाइकासारखा
दुपारी जरा तोंड दाखवून सटकतो,
आणि हा गडी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली
आमचं ग्रान कनारिया टेबलभर पसरून बसलेला असणार,
बोटानं घाट चढत.

टिपणात सगळं असतं.
सीटची उंची अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, वर तीन मिलिमीटर.
पेडलं स्वतःची आणणार.
सोमवारी मोगान, मंगळवारी आयाकाताचा चढ,
बुधवारी वारा पूर्वेचा असेल तर तोच फेरा उलट्या अंगानं.
कलिमा सुटली, वाळवंटाची धूळ समुद्र ओलांडून आली, तर काय,
त्याचीही एक ओळ.
तेहेदाला बदाम फुललेले असतील का,
हे दर वर्षी विचारतो
आणि मी दर वर्षी कळवते:
बदामाला विचारून सांगते.

माझी आई याच रस्त्यावरच्या शेडमध्ये टोमॅटो निवडायची.
हिरवट असतानाच खोक्यात, खोकी बोटीत, बोट उत्तरेला.
आता तिथे फाटकी जाळी फडफडते तेवढी.
आईनं इथलं ऊन उत्तरेला पाठवलं,
मी उत्तरेची माणसं उन्हात वर पाठवते.
हातांचा वास बदलला, एवढंच.

तर, दात.
मागच्या चक्राचे.
जितके दात जास्त तितका चढ हलका,
हे मी गिऱ्हाइकाला सांगते.
जितकं वय जास्त, हे त्याचं त्यानं ओळखायचं.
पहिल्या वर्षी ह्याला पंचवीस पुरले,
वर विचारलं, तेवीसचं नाही का?
मग अठ्ठावीस, गुडघ्याचं निमित्त.
मग तीस, रस्ता खराब झालाय म्हणे.
(रस्ता त्याच वर्षी नवा केला होता.)
मग बत्तीस, आणि कारण काहीच नाही.
माणसाचे पडत जातात,
ह्याच्या सायकलीला येत गेले.
बत्तिशी पुरी झाली तेव्हा वाटलं,
चला, आता तरी हा स्वस्थ बसेल.

यंदाच्या टिपणात: बत्तीस, नेहमीप्रमाणे.
आणि आयाकाता नाही.
मंगळवारपुढे नुसतं, किनाऱ्याचा रस्ता, कॉफी.
कॉफी!
मी पान दोनदा वाचलं.

मला ठाऊक आहे का ते.
पिनो मावशी वरच्या वळणावर चीज विकते,
तिच्या नजरेतून शेळीचं करडू निसटत नाही,
तिथे हा सहा फुटी माणूस काय निसटणार.
गेल्या फेब्रुवारीत, सायकल हातात धरून, पायी.
"तुझा तो उंच पाहुणा," मावशी म्हणाली,
"देखावा बघत थांबला होता.
डोंगराच्या भिंतीकडे तोंड करून."
खाली आल्यावर मला म्हणाला, झकास झालं.
मी चेन पुसत राहिले.

आज उत्तर लिहिलं.
बत्तीसचा संच संपलाय, कारखान्याकडून येईना.
छत्तीसचा आहे, त्यावर भागवून घ्यावं लागेल.
दिलगीर आहे.
लिहिताना कोपर ज्या खोक्यावर टेकलं होतं
त्यावर ठळक अक्षरात बत्तीसच होतं.
असू दे.
बोल्ट काय, थाप काय,
बेतानंच आवळावी लागते.

शटर ओढताना फोन वाजला.
"वाईट झालं. तुझा नाइलाज आहे, समजतो."
खाली नवं पान.
सोमवार तोच, बुधवार तोच, बदामांची चौकशी तीच.
मंगळवारची कॉफी खोडलेली,
इतक्या जोरात की कागद फाटलाय.
तिथे आयाकाता.
आणि समासात, आडवं:
वळणावरच्या बाईंना सांग,
यंदा देखावा बघायला वेळ नाही.