सतरा नंबर

कीथलीच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
सकाळी सातच्या आत मी याद्या उघडते,
पेन्सिलीला सुतळी बांधते.
बोटाला शाई लावायची इथे पद्धत नाही.
पहिल्या वर्षी सवयीने मी
बाहेर पडणाऱ्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसले होते.

आमचं काम तोंड बंद ठेवण्याचं.
नाव विचारायचं, पत्ता विचारायचा,
पट्टी ठेवून रेघ मारायची.
हवेविषयी बोललेलं चालतं.

डोरीन हेबलथ्वेट, अठ्ठावीस, हाय फोल्ड रोड.
सलग चार निवडणुका सात वाजून पाच मिनिटांनी,
कुत्रा रेलिंगला बांधून, टोपी घालून,
दंतवैद्याची वेळ घेतल्यासारखी.

मध्यंतरी टेकडीवर जाणारी सतरा नंबर बंद झाली.
खासदार आले होते तेव्हा.
स्टॉपवर उभे राहिले, बाह्या दुमडून.
फोटोत शेजारी डोरीन आहे,
अर्धा चेहरा त्यांच्या कोपराआड.
ही बस आपण परत आणू, म्हणाले.
त्यातल्या 'आपण'चं तिला फार अप्रूप वाटलं,
असं तिने मला को-ऑपच्या रांगेत सांगितलं,
तिथे मला बोलायची मुभा असते.

मग तिने पत्र लिहिलं. उत्तर आलं.
'आपली कळकळ पोचली. विषय संबंधितांकडे पाठवला आहे.'
आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं.
दुसरं लिहिलं. तेच उत्तर, तारीख तेवढी वेगळी,
आणि या खेपेला ती श्रीमान झाली होती.
तिसऱ्याच्या वेळी पोस्टाचं तिकीट महागलं.

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.
चिडणाऱ्याला अजून काहीतरी हवं असतं.
ती बुधवारी हॉस्पिटलला टॅक्सीने जाऊ लागली,
जाताना बारा पौंड, येताना बारा,
आणि मग एकाआड एक बुधवार.

यंदा आली ती रात्री पावणेदहाला.
कुत्रा नव्हता. विचारायचा धीर झाला नाही.
आता फोटोचं ओळखपत्र लागतं.
तिने पर्समधून बसचा पास काढला,
ज्येष्ठांचा, मोफत प्रवासाचा.
"चालतो का?"
मी तक्त्यावर बोट फिरवलं. "चालतो."
"काहीतरी चालतंय म्हणायचं."
ग्रॅहम उगाच खोकला. मी रेघ मारली.

आडोशामागे ती बराच वेळ होती.
पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती,
एका फुलीला लागते त्याच्या कितीतरी पट.

रात्री दीडला, मोजणीच्या टेबलावर,
एक मतपत्रिका संशयितांच्या ट्रेमध्ये गेली.
पाच उमेदवार, पाच चौकोन,
चौकोनाचौकोनात बारीक, नेटके आकडे:
६.५२
७.२२
७.५२
८.२२
आणि शेवटच्यात, रविवारी फक्त ९.४०.

पक्षांचे एजंट माना लांबवून बघत होते.
लॉटरीचे नंबर असतील, एकजण म्हणाला, आणि ते हसले,
त्या रात्री सगळ्या पक्षांचे मिळून एकदाच.
अधिकाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला,
कागद उलटा धरून पाहिला,
शिक्का मारला.
बाद. मतदाराचा हेतू स्पष्ट होत नाही.

ती कोणाची, मला माहीत नाही.
माहीत असती तरी सांगता आलं नसतं,
तशी सही करून दिलेली आहे.
एवढंच, की सात बावीसची मीही पकडायचे,
मुलगी नर्सरीत होती तेव्हा.
ड्रायव्हर रोज दोन मिनिटं उशिरा यायचा
आणि तेवढ्यावरून अख्खा स्टॉप
त्याला मनसोक्त शिव्या घालायचा.