उणे ऐंशी

दोनला लाइन जाते.
बॅटरी तीन वर्षांपूर्वीच मेली,
म्हणजे वायर निघाली की लॅपटॉपची नुसती पाटी.
आत्ता अकरा वीस. बाहेर शेहेचाळीस.
टिनाच्या आत किती, ते मोजायला काही नाही.
लॅपटॉपच्या आत मोजायला आहे : त्र्याण्णव.

रोहण्याच्या भुजाड्यांचं लग्न, दोन तास चाळीस मिनिटं.
शीतल उद्या पहाटे सुरतेला निघणार,
पेनड्राइव्ह घेतल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणते.
दादानं शूटिंग केलं आणि गेला पुढच्या लग्नाला.
कापणं, जोडणं, मामा-मावशांची नावं लिहिणं,
आणि शेवटचं ते रेंडर, ज्याला आम्ही शिजवणं म्हणतो,
ते माझ्याकडे.

सीताबर्डीचा पोरगा विकताना म्हणाला होता,
'याचं कुलूप उघडं आहे ताई, स्पीड वाढवता येतो.'
मी मान डोलावली, आणि पाचशे कमी करून घेतले.
आज उघडलं ते सॉफ्टवेअर.
काळ्या खिडकीत हिरव्या रेघा,
दवाखान्यात कुणाच्या उशाशी असतात तशा.
छत्तीसचे चाळीस केले.
एका बोटाचं काम.

दहा मिनिटं पळाला.
पंखा असा ओरडला की दारातली बकरी उठून उभी राहिली.
सत्त्याण्णव. नव्व्याण्णव.
शंभरावर त्यानंच पाय ओढले,
सांगितलं चाळीस आणि चालला बाविसावर,
पंगतीत रुसलेल्या जावयासारखा.
मी व्होल्टेज चढवलं.
पडद्यावर अंतरपाट खाली येत होता,
तो अर्ध्यात थांबला.
कुंकवाचं स्वस्तिक घडीत दुमडलेलं,
अलीकडे शीतलचे डोळे, तेवढेच,
पलीकडे नवरदेवाचा फेटा.
मग सगळं निळं.

दुसऱ्यांदाही तिथंच.
तोच फेटा, तेच डोळे.
मला वाटलं, तिलाच बघायचं नसेल.

समोर देवमनकाका मोटारी भरतो.
वार्निशचा वास अंगावर घेऊन पाणी प्यायला आला,
लॅपटॉपच्या बुडाला उलटा हात लावला,
ताप बघतात तसा.
'काहून मारून रायली वं त्याले?
मोटार तापली म्हंजे काम नाई करून रायली,
नुसती बोंबलून रायली.
दाब कमी कर. जेवढ्यात फिरते तेवढाच दे.'
'काका, ही मोटार नाही.'
'तांबंच हाये ना अंदर?'
ग्लास उपडा ठेवून गेला.

परत छत्तीस.
आणि व्होल्टेज खाली. उणे दहा. उणे तीस.
पाहुण्याच्या ताटातला एकेक घास
त्याला कळू न देता काढून घ्यावा, तसं.
उणे नव्वदला चौऱ्याऐंशीवर उतरला,
आणि छत्तीस म्हणजे छत्तीस, एक पाऊल मागे नाही.
हाव सुटली.
उणे एकशे दहा.
निळं.

बारा सतरा.
उणे ऐंशी.
हात ओढणीत गुंडाळून घेतला, पुन्हा लागू नये म्हणून.

अंतरपाट आला तेव्हा मी कूलरमध्ये बादली ओतत होते.
वळले, तर अक्षता पडत होत्या.

एक एक्कावन्नला फाइल झाली.
दोनला लाइन गेली. कूलरची जाळी ठिबकत राहिली
आणि समोर देवमनकाकाचा रेडिओही
अर्ध्या शब्दावर बंद पडला.

संध्याकाळी शीतलचा भाऊ आला. गाडीवरून न उतरता
फोनमध्ये लावून पाहिलं, पुढे, मागे, परत पुढे.
'ताई, अंतरपाट भसकन पडला ना.
तेवढं स्लो मोशन करून दे.'

पडणारं कापड हळू पाडायचं
तर मधल्या सगळ्या फ्रेमा नव्यानं घडवाव्या लागतात,
पळण्यापेक्षा जास्त काम असतं त्यात.
हे त्याला सांगितलं नाही.
'लाइन सातला येते,' म्हटलं, 'दहाला ये.'

रात्री जरा गार असतं.
उणे पंच्याऐंशी जमेल कदाचित.